कणसांचा वास

तिसरा पेला खाली ठेवला आणि जिभाबाईच्या छातीत धस्स झालं. तिन्ही पेल्यांतलं सूप सारखंच लागत होतं. सारखं म्हणजे काय, लागतच नव्हतं; कोमट, दाट असं काहीतरी जिभेवरून घशात उतरत होतं, एवढंच. तिने नळ सोडला, चूळ भरली, बिस्किटाचा तुकडा चावून थुंकला आणि पुन्हा पहिल्या पेल्यापासून सुरुवात केली. पाकिटातलं सूप करणाऱ्या त्या कारखान्यात चव बघणाऱ्यांसाठी एक वेगळी खोली होती. खोलीत सहा कप्पे, प्रत्येक कप्प्यात एक स्टूल, एक नळ आणि डोक्यावर लाल दिवा. लाल अशासाठी की सुपाच्या रंगावरून कुणी अंदाज बांधू नये. समोरच्या भिंतीत एक झडप होती, ती वर सरकायची आणि तीन पेले आत यायचे. दोन सारखे, एक वेगळा. वेगळा कोणता तेवढं ओळखायचं, चिठ्ठीवर त्याचा आकडा लिहायचा आणि झडपेवर टकटक करायची. चौदा वर्षं ती हे काम करत आली होती आणि चौदा वर्षांत किती वेळा चुकली ते एका हाताच्या बोटांवर मोजता आलं असतं. मीठ चिमूटभर जास्त पडलं, दुधाची पावडर महिनाभर जुनी असली, कांदा किंचित करपला, की तिला पहिल्या घोटात कळायचं. म्हणून तर अख्खा कारखाना तिला जिभाबाई म्हणायचा. आधी चेष्टेने, मग कौतुकाने, आणि आता तिचं खरं नाव फाटकावरच्या पहारेकऱ्यालाही आठवत नसे. तीच जिभाबाई आज लाल दिव्याखाली बसून मधल्या पेल्याचा आकडा लिहीत होती, कारण कुठलातरी लिहायलाच हवा होता.

झडपेपलीकडे पेले भरणारी चष्मिस पोरगी होती. एरवी ती चिठ्ठी उचलायची आणि जायची. आज चिठ्ठी वाचल्यावर तिचे डोळे झडपेच्या फटीत नको तितके रेंगाळले. पुन्हा तीन पेले आले. जिभाबाईने पुन्हा अंदाजपंचे आकडा लिहिला, आणि अर्ध्या तासाने प्रयोगशाळेच्या मॅडमचं बोलावणं आलं. मॅडम एरवी फटकळ. आज त्यांनी खुर्ची पुढे सरकवली, पंखा तिच्याकडे वळवला, तेव्हाच तिने ओळखलं. चव बघणाऱ्यांची जीभ अधूनमधून न सांगता तपासून घ्यायची पद्धत होती, आजचे पेले त्यातले होते. दोन्ही वेळा एका पेल्यात दुप्पट मीठ घातलेलं होतं. दुप्पट, मॅडम हळूच म्हणाल्या, म्हणजे रस्त्यावरून कुणालाही उचलून आणलं असतं तरी त्याने तोंड वाकडं केलं असतं. मग त्यांनीच सर्दी असेल म्हटलं, ऊन बाधलं असेल म्हटलं, पंधरा दिवस चव बघू नका, नोंदींचं काम बघा, डॉक्टरांना एकदा दाखवून घ्या म्हटलं. ती हो मॅडम, सर्दीच झालीय म्हणाली आणि नाक ओढून दाखवलं. नाक कोरडं ठणठणीत होतं. बाहेर आल्यावर तिच्या लक्षात आलं की मॅडमच्या टेबलावर कॉफीचा वाफाळता कप होता आणि त्या कॉफीचा तिला वास आला नव्हता.

शनिवार होता, कारखाना दुपारीच सुटला. ती नेहमीच्या बसला गेली नाही, चालत निघाली. आधी वास गेला, मग चव गेली, मग. त्या 'मग'च्या पुढे जायचं नाही असं ती स्वतःला बजावत होती आणि पाऊलपाऊल तिकडेच चालली होती. तिच्या आईचं असंच झालं होतं. आई घरी बसून लोकांचे कपडे शिवायची. एक दिवस गॅसवर दूध करपून पातेल्याला भोक पडायची वेळ आली, घरभर धूर झाला, आणि आई तिथेच हाताच्या अंतरावर बसून एका ब्लाउजला हुक लावत होती. सगळे हसले होते. ती स्वतः सगळ्यात जास्त हसली होती. बावीस वर्षांची होती, कशालाही हसू यायचं. मग आईने कुणाच्या तरी शर्टाची काजं उजव्या डाव्या दोन्ही बाजूंना केली आणि बटणं लावायला बाजूच उरली नाही, त्यालाही हसले. मग एकदा कोपऱ्यावरच्या दुकानातून घरी यायला आईला तीन तास लागले, तेव्हा हसणं बंद झालं. आणि शेवटी शेवटी आई तिला अहो-जाहो करायला लागली. अहो बाई, तुम्ही कुठून आलात, उन्हाच्या आलात, बसा ना, पाणी घेता का. शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं; पोटच्या पोरीला केलेला तो अदबशीर पाहुणचार तिला सहन व्हायचा नाही, ती मोरीत जाऊन नळ सोडून रडायची. आई तेव्हा चोपन्न वर्षांची होती. जिभाबाईला येत्या हिवाळ्यात एकोणपन्नासावं लागणार होतं.

चालता चालता तिने शंभरातून सात वजा करायला सुरुवात केली. त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बहात्तर. पासष्ट. बरोबर असावं. मग सहा कप्प्यांतल्या सहा जणांची नावं घेतली. पाच आली. पाचव्या कप्प्यातला तो उंच माणूस, नऊ वर्षं शेजारी बसतो, डब्यातली फळाची फोड रोज पुढे करतो, त्याचं नाव येईना. ती एका बंद दुकानाच्या पायरीजवळ थांबली. त्याचा चेहरा दिसत होता, मनगटावरचा भाजल्याचा डाग दिसत होता, नाव नव्हतं. वळणावरच्या औषधांच्या दुकानापर्यंत पोचली तेव्हा ते आपसूक आलं, आणि आनंदाने तिने ते मोठ्याने उच्चारलं, तसा पुढून येणारा एक माणूस चमकून बाजूला झाला. पण उशिरा आलेलं नाव धरायचं की नाही? नावं तर सगळ्यांचीच विसरतात, नवरा तर सासूच्या श्राद्धाची तारीखही— तिने तो विचार तिथेच तोडला. त्याला काहीही विसरायची मुभा होती, त्याची आई शेवटपर्यंत खणखणीत होती.

बाजारात कणसांचा ढीग लागला होता. हिरवीगार, सकाळी तोडलेली, टोकाला ओलसर सोनेरी केस. दरवर्षी उन्हाळ्यातली पहिली कणसं आली की ती घरी मक्याचं चाउडर करायची. दूध, लोणी, बटाटे घालून पोटभरीचं, चमचा उभा राहील इतकं दाट. नवरा त्याला सूप म्हणायचा आणि ती दर वेळी सूप नाही, चाउडर, असं सुनावायची. कारखान्यातल्या मक्याच्या सुपात मका नावालाच असतो हे तिच्याइतकं कुणाला माहीत? म्हणून वर्षातून एकदा तरी जिभेचं ऋण फेडायचं. विकणारीने एका कणसाची पानं मागे ओढली, दाण्यात नख खुपसलं, दुधासारखा चीक उडाला. वास घ्या ना बाई, म्हणाली, काय गोड वास आहे. जिभाबाईने कणीस नाकाशी धरलं. केस नाकाला गुदगुल्या करत होते. ओलावा होता, गारवा होता. ती जरा जास्तच वेळ कणीस नाकाशी धरून उभी राहिली असावी, कारण विकणारी तिच्याकडे बघायला लागली. छान आहे, ती म्हणाली, आणि आठ कणसं घेतली. चार पुरली असती.

घरी कुणी नव्हतं. नवरा कामावर, पोरगी पोहायला. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या स्वयंपाकघरात दुपारनंतर ऊन यायचं आणि ओट्यावर पसरायचं. तिने पिशवी रिकामी केली, पदर खोचला आणि कणसं सोलायला बसली. मनाशी तिने ठरवूनच टाकलं होतं की आता जे काही व्हायचं ते या पातेल्यात होईल. जगातला कुठलाही वास परत येणार असेल तर तो हाच, ताज्या कणसाचा. पानांचा करकर आवाज येत होता. एकेक केस बोटांनी निपटून काढताना ती नेहमीसारखी किरकिर करत होती, की या केसांना शेवट म्हणून नाही, मेले कुठूनही निघतात. ती किरकिर ऐकून तिला जरा धीर आला. मग कणीस ताटात उभं धरलं आणि सुरीने वरून खाली दाणे उतरवले. दाणे ताटाबाहेर उडून फरशीवर गेले. उतरवून झाल्यावर सुरीच्या पाठीने तीच कणसं पुन्हा खरवडली, म्हणजे देठाशी राहिलेला दुधाळ रस निघतो. खरी गोडी त्यात असते आणि आळशी बायका तोच फेकून देतात, असं ती टिचकीला दर वर्षी सांगायची. टिचकी म्हणजे तिची पोरगी. तेरा वर्षांची, लहानपणी जो दिसेल त्याला टिचकी मारायची म्हणून हे नाव. खरवडलेली कणसं तिने मोडून पातेल्यात टाकली, वर पाणी ओतलं, तमालपत्राचं एक पान टाकलं आणि गॅस लावला. चाउडरचं पाणी या उघड्या कणसांचंच हवं.

कांदा चिरताना डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं आणि ती चक्क हसली. कांदा झोंबतो म्हणजे नाक अगदीच मेलेलं नाही. मग आठवलं, झोंबतो तो डोळ्यांना. लोणी वितळलं, त्यात कांदा पडला, चर्र झालं, आणि तिला वास आला. आला! लोण्यात परतलेल्या कांद्याचा तो गोडसर, पिवळा, रविवारच्या दुपारचा वास. ती डाव धरून तशीच उभी राहिली, डोळे मिटले, खोल श्वास घेतला. आणि मग हळूच, अगदी चोरपावलांनी, एक शंका आत आली. हा वास येतोय की आठवतोय? तिने डोळे उघडले. पातेल्यावर वाकली. पुन्हा श्वास घेतला. नाकाला गरम वाफ लागली. वास होता, पण तो पातेल्यातून येत नव्हता. कांदा चर्र म्हणाला की तो डोक्यात कुठूनतरी उठत होता, चौदा वर्षांच्या, नाही, आईच्या घरापासूनच्या कांद्यांमधून. तिने खात्री करायला तोंड वळवून सिंकमधल्या साबणाच्या वडीवर नाक टेकवलं. साबण म्हटल्याबरोबर साबणाचा वास आला. मग डोळे मिटून फडताळातली एक बाटली हाताला लागेल ती उघडली आणि हुंगली. काही नाही. डोळे उघडून बघितलं तर व्हिनेगर होतं, आणि बघितल्याबरोबर आंबूस वास नाकात भरला. म्हणजे किती दिवस चाललंय हे? किती महिने ती लेबलं वाचून वास घेत होती? नवऱ्याच्या शर्टाला ग्रीसचा वास येतो म्हणून परवाच ती त्याला बोलली होती. तो वास तिने घेतला होता की फक्त डाग बघितला होता?

कांदा करपायला आला असता, पण रंग दिसत होता. तिने त्यात सेलरी आणि गाजराचे तुकडे टाकले, ढोबळी मिरची टाकली, मैदा भुरभुरवला, गुठळ्या होऊ नयेत म्हणून घाईघाईने ढवळलं. हात आपलं काम चोख करत होते. हातांना काही विचारावं लागत नव्हतं. कणसांचं पाणी गाळून ओतलं, बटाट्याच्या फोडी सोडल्या, त्या शिजायला लागल्यावर दाणे घातले, मूठभर दाणे वाटून घातले, शेवटी दूध. दाटपणा डावावरून उतरणाऱ्या धारेत दिसत होता. पिवळं, पांढरं, मध्ये केशरी तुकडे; दिसायला तर असं की कुणीही बसावं आणि ओरपावं. तिने चमचाभर घेतलं, फुंकर मारली, तोंडात ठेवलं. दाणे दातांखाली फुटले. उकडलेला कापूस खावा तसं.

मीठ. मीठ घातलं का आपण? कधी घातलं? बटाट्यांबरोबर घालते ती नेहमी. घातलं असेल. ओट्यावर मीठ सांडलेलं नव्हतं, पण ती सांडत नाहीच कधी. दुसरी कुणीही बाई असती तर तिने चाखून बघितलं असतं, संपला विषय. ती पातेल्यासमोर उभी होती, चौदा वर्षं मीठ ओळखणारी, आणि पातेल्यात मीठ आहे की नाही हे तिला जगातल्या कुठल्याच वाटेने कळत नव्हतं. तिने मिठाची बरणी ओढली. बरणी रिकामी. तळाशी चार खडे, काल रात्रीच खरवडून संपवलेली. मागे नवीन पाकीट होतं, त्याचं तोंड कापलेलं नव्हतं. म्हणजे नाही घातलं. हुश्श करून ती स्टुलावर बसली, आणि बसल्या बसल्या दुसरीच गोष्ट तिच्या ध्यानात आली. बरणी टिचकीच्या वाढदिवसाला भरली होती. त्याला तीन आठवडे झाले. एरवी एका बरणीला दोन महिने होतात.

आता एकेक गोष्ट समोर येऊन उभी राहायला लागली. नवरा हल्ली जेवताना पाण्याचा एक जग आणायचा ते दोन आणायला लागला होता. उन्हाळा आहे गं, म्हणायचा. टिचकी ताटात भाकरीचा तुकडा, पाव, काहीतरी कोरडं जास्त घ्यायची आणि भाजीला नुसता लावायची. आणि दोघं बोलत नव्हती. बोलणार कशी? घरातला नियम तिचाच होता. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात नवऱ्याने कशात तरी तिखट कमी आहे म्हटलं, तेव्हा ती हसत हसत म्हणाली होती की दिवसभर मी दुसऱ्यांच्या अन्नाला नावं ठेवून येते, घरी माझ्या अन्नाला कुणी नाव ठेवायचं नाही. ताटावर बसायचं, मुकाट जेवायचं, मीठदाणी टेबलावर येणार नाही. नवऱ्याने कानाला खडा लावला. टिचकी तर त्याच नियमात वाढली. कुठे पाहुणी गेली तरी कसं झालंय विचारलं की गोंधळून जायची. एवढ्या वर्षांत कुणी चुकून नाव ठेवायची वेळच आली नव्हती. तिला त्या नियमाचा केवढा तोरा होता. आणि त्याच नियमाच्या आड ती तीन आठवडे, तीन महिने, देव जाणे किती दिवस, आपल्याच माणसांना खारट घालत होती आणि ती गिळत होती.

तिने पाकीट हातात घेतलं, सुरी घेतली, आणि सुरी पाकिटाच्या टोकावर टेकवून तशीच राहिली. डोळ्यांपुढे आईचं स्वयंपाकघर होतं. दुपार अशीच. आईने वाटाण्याचं सूप केलं होतं आणि फक्त तिला वाढलं होतं. समोर बसली होती. खरं सांग, आई म्हणाली होती, कसं झालंय? त्यात मीठ नव्हतं. नावालाही नव्हतं; घशाखाली उतरत नव्हतं. पण आईची ती अवस्था, तिचं मन कशाला दुखवा, म्हणून ती म्हणाली होती, छान झालंय आई. मीठ? बेताचं आहे. आई तिच्याकडे बघत राहिली होती. बराच वेळ. मग उठली, पातेल्यावर झाकण ठेवलं, हात पुसले आणि खिडकीपाशी जाऊन बसली. त्यानंतर महिनाभरात आईने स्वयंपाक सोडला. सगळ्यांना वाटलं, कंटाळली. पंचवीस वर्षं तिलाही तसंच वाटत होतं. आईने मीठ घातलंच नव्हतं. विसरली नव्हती, मुद्दाम घातलं नव्हतं. आईला आतून कळत होतं, आणि घरात एक तरी माणूस खरं बोलतंय का ते तिला बघायचं होतं, आणि पोटच्या पोरीने तोंडावर दार लावून घेतलं होतं. जिभाबाईच्या तोंडून एक आवाज निघाला, तो तिचा तिलाच अनोळखी वाटला. तिने सुरी बाजूला ठेवली. पाकीट न कापता बरणीमागे सारून दिलं.

सहाला नवरा आला. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. माणसं मध्येच अडकली की बाहेरून दाराला तोंड लावून त्यांच्याशी बोलत राहणं हा त्याच्या कामाचा अर्धा भाग होता. घाबरू नका, काही होत नाही, दोन मिनिटांत काढतो, असं तो इतक्या गोड आवाजात म्हणायचा की आतल्या माणसाला खरं वाटावं, मग त्याला स्वतःला अजून बिघाड कुठे आहे ते सापडलेलं नसो. वा, वास काय सुटलाय, तो चपला काढता काढता म्हणाला, आणि तिने त्याच्या तोंडाकडे बघितलं. सुटला होता का वास? की हेही दाराबाहेरून बोलणं होतं? टिचकी ओल्या केसांनी आली, पोहायची पिशवी सोफ्यावर फेकली, पातेल्यात डोकावली. खिडकीत अजून लख्ख ऊन होतं. नवऱ्याने पाण्याचे दोन जग भरून आणले आणि टेबलावर ठेवले. तिने तीन वाडगे भरले. वाढताना डाव तिने दोन्ही हातांनी धरला.

नवऱ्याने पहिला चमचा तोंडात घातला. त्याचा जबडा क्षणभर थांबला, मग चालू झाला. दुसरा चमचा. तिसरा. टिचकीने एक चमचा घेतला आणि वाडग्यात बघत राहिली. एवढ्या वर्षांत जे तिने या टेबलावर कधी विचारलं नव्हतं ते तिने विचारलं.

“कसं झालंय?”

नवऱ्याने वर बघितलं. नियम मोडला गेल्याचं त्याच्याही लक्षात आलं असावं. “छान झालंय,” तो म्हणाला. “नेहमीसारखं.”

“मीठ?”

“बेताचं आहे.”

तेच शब्द. समोर तोच चेहरा होता, प्रेमळ, काळजीने ओलावलेला, जसा तेव्हा तिचा स्वतःचा असणार. त्या चेहऱ्यात कुठेही धरायला जागा नव्हती. या घरातही तसंच होणार होतं. ती हळूहळू एकेक गोष्ट विसरत जाणार आणि ही दोघं गोड आवाजात छान आहे, छान आहे म्हणत राहणार, तिला अहो-जाहो करायची वेळ येईपर्यंत. तिने टिचकीकडे मान वळवली. टिचकी बापाकडे बघत होती. बापाने भुवई किंचित हलवली.

“तू सांग,” ती म्हणाली.

टिचकीने चमचा खाली ठेवला. “आई, यात मीठच नाहीये.”

“टिचके,” नवरा म्हणाला.

“नाहीये, बाबा. आणि काल खारट होतं. परवा पण. तुम्ही म्हणालात बोलायचं नाही, मी नाही बोलले.” आणि ती रडायला लागली, मोठ्याने, लहानपणी रडायची तशी, हातांनी तोंड न झाकता.

नवऱ्याने टेबलावरचे दोन जग बाजूला सारले. मग त्याने सांगितलं, अडखळत सांगितलं, त्याचा तो दाराबाहेरचा आवाज कुठे गेला होता कुणास ठाऊक. दोन महिन्यांपासून त्याच्या लक्षात येत होतं. एकदा गॅस नुसताच उघडा राहिला होता, तो आंघोळीहून आला म्हणून कळलं, त्याने बंद केला आणि खिडक्या उघडल्या. ती त्याच खोलीत बसून पेपर वाचत होती. तेव्हापासून तो सकाळी उशिरा निघायला लागला होता, ती आधी बाहेर पडेपर्यंत. त्याला तिच्या आईचं सगळं माहीत होतं. विचारावं तर कसं, आणि विचारलं तर खरंच होऊन बसेल असं वाटत होतं. “मला भीती वाटली गं,” तो म्हणाला. “दुसरं काही नाही. नुसती भीती.” मग म्हणाला की नियमही तिचाच होता, त्यामागे लपायला बरं पडलं.

तिला राग आला नव्हता. गॅसचं ऐकून अंगावर काटा आला होता, तो अजून गेला नव्हता. ती उठली, बरणीमागचं पाकीट आणलं, टोक कापलं आणि टिचकीसमोर ठेवलं. टिचकीने डोळे पुसले, पातेलं जवळ ओढलं, चिमूटभर घातलं, ढवळलं, चाखलं. अजून चिमूटभर. पुन्हा चाखलं. चौथ्या वेळी ती मान हलवून म्हणाली, आता बरोबर आहे. मग तिने स्वच्छ चमचा घेतला, पातेल्यातून भरला, फुंकर मारली आणि आईच्या तोंडापाशी धरला.

“बघ. आता लागतंय?”

जिभाबाईने तोंड उघडलं. गरम, दाट. दाणे फुटले. ती वाट बघत राहिली. जिभेच्या टोकाशी, कडांना, मागे घशापाशी, जिथे जिथे म्हणून काही कळतं तिथे तिथे जाऊन वाट बघून आली. दोघं तिच्याकडे बघत होती. हो गं, लागतंय, छान झालंय, एवढं म्हणणं किती सोपं होतं. ओठांवर आलंच होतं. पोरीचा चेहरा उजळला असता, नवऱ्याने हुश्श केलं असतं, जेवण पुढे सुरू झालं असतं.

“नाही,” ती म्हणाली. “काहीच लागत नाहीये. आणि मला फार भीती वाटतेय.”

मग नवऱ्याने सोमवारी सुट्टी टाकतो, मिळून डॉक्टरकडे जाऊ, एवढंच म्हटलं. काही होत नाही, असं म्हणाला नाही. टिचकीने आपली खुर्ची ओढून आईच्या खुर्चीला भिडवली, वाडगा भरून घेतला आणि एक चमचा सावकाश खाल्ला.

“मी सांगू?” ती म्हणाली. “आधी मका लागतोय. गोड आहे. मग मिरपूड, पण मागाहून. लोणी कळतंय.” तिने आणखी एक घास घेतला, चावला, थांबली, आणि आईकडे चोरून बघितलं.

“सांग ना.”

“बटाटा कच्चा राहिलाय.”

नवऱ्याने घास तोंडातच धरून वर बघितलं. जिभाबाईने टेबलाची कड धरली होती ती सोडली नाही, फक्त मान डोलावली आणि म्हणाली, “अजून काय?”